सहावी विडी सुपात पडायच्या आत

आमच्या घरी तीन मिनिटं मोजायला घड्याळ लागत नाही. आई मांडीवर सूप घेऊन बसते. पानं भिजवून, पत्रा ठेवून आधीच कापलेली असतात. चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा. मी मोजून पाहिलंय, तिच्या हाताने तीन मिनिटांत सहा विड्या होतात. तिच्यापुढं उभं राहून माझं पीएचडीचं काम सांगायचं आणि सहावी विडी सुपात पडली की तोंड बंद करायचं, एवढीच माझी तालीम. तीन मिनिटांत संशोधन सांगायच्या दोन स्पर्धांत मी उतरले, पहिलीत बाद झाले. आता ज्युनिअर पोरं विचारतात, 'ताई, तयारी कशी करायची?' म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

या स्पर्धेचा साचा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा, २००८ सालचा. तिकडं तेव्हा दुष्काळ होता. पाणी वाचवायचं म्हणून लोक न्हाणीघराच्या भिंतीला तीन मिनिटांचं टायमर लावायचे आणि तेवढ्यात अंघोळ उरकायचे. त्यावरून तिथल्या एका डीनना ही कल्पना सुचली. सोलापूरकराला यातलं काहीच समजावून सांगायला नको. पण गंमत अशी की ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतात असा त्यांचाच हिशेब आहे. नऊ तासांचे तीन मिनिटं करायचे, तर आटवून चालत नाही, टाकूनच द्यावं लागतं.

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. स्लाइड एकच, तीही स्थिर. काही हलायचं नाही, उडत यायचं नाही. आवाज नाही, व्हिडिओ नाही. हातात वस्तू नाही, वेशभूषा नाही. गाणं, कविता, रॅप नाही, साधं बोलायचं. तुम्ही बोलायला किंवा हालचाल करायला सुरुवात केली की घड्याळ सुरू. तीन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी बाद. मी ज्या दोन्ही स्पर्धांत गेले त्या याच नियमांवर होत्या, पण तुमच्या आयोजकांचं पत्रक नीट वाचा, एम.एस्सी.वाल्यांना घेतात की फक्त पीएचडीवाल्यांना, हे तिथंच कळतं. आणि 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेशी घोळ करू नका. तिथं पोस्टर लावून आपण बाजूला उभं राहतो, परीक्षक येतात, खोदून विचारतात, राहिलेलं तेव्हा सांगता येतं. इथं राहिलं ते राहिलं.

माझं काम असं. ज्वारी काढली की रानात धसकटं राहतात. त्यांचा कोळसा करायचा आणि त्याने कापड रंगवल्यानंतरच्या पाण्यातला रंग काढता येतो का ते बघायचं. विषय सोलापूरचाच; चादर-टॉवेलचं गाव आणि ज्वारीचा जिल्हा. पहिल्या स्पर्धेसाठी मी लिहिलेलं पहिलं वाक्य जसंच्या तसं देते, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या वहीत आत्ता असलंच वाक्य असणार:

'प्रस्तुत संशोधनाचा उद्देश ज्वारीच्या अवशेषांपासून निर्मित सक्रिय कोळशाद्वारे वस्त्रोद्योगातील सांडपाण्यामधील रंजकद्रव्यांच्या अधिशोषणाचा अभ्यास करणे हा आहे.'

आई म्हणाली, "एक विडी झाली. तू काय करायलीस ते अजून कळलं नाही."

मला राग आला होता. चार वर्षं घासून मिळवलेले शब्द आहेत ते. पण दुसऱ्या खेपेला मी तेच असं लिहिलं: 'टॉवेल रंगवला की सगळा रंग टॉवेलला लागत नाही. थोडा पाण्यात राहतो आणि पाण्याबरोबर जातो. तो रंग परत पकडता येईल का?' आईने मान वर केली नाही, पण हात थांबला. तेवढ्या खुणेवर मी पुढचं सगळं भाषण बांधलं.

तर पहिली गोष्ट ही करा. प्रबंधाचं शीर्षक बाजूला ठेवा आणि कामाचा एक प्रश्न लिहा, ज्याच्या शेवटी खरोखर प्रश्नचिन्ह असेल. 'अभ्यास करणे' हा प्रश्न नाही. दोन प्रश्न असतील तर एक खोडा. माझ्या कामात कोळसा किती तापमानाला करायचा हाही एक मोठा भाग आहे, दीड वर्ष गेलंय त्यात. भाषणात त्याला एकही शब्द नाही. वाईट वाटतं, पण ते वाईट वाटणं आपलं असतं, ऐकणाऱ्याचं नसतं.

दुसरं, 'आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो' हे काढा. आपल्याला शाळेपासून सवय लागलेली असते, मला कळतं. मी मोजलं, नाव, विभाग, मार्गदर्शकांचे आभार धरून माझी २२ सेकंद त्यात जात होती. म्हणजे पाऊण विडी. तुमचं नाव सूत्रसंचालकाने सांगितलेलंच असतं. चारोळीने सुरुवात करायची हौस असेल तर नियम परत वाचा.

आता उपमेबद्दल जरा सावकाश सांगते, कारण माझी खरी झटापट तिथंच झाली. मी आधी लिहिलं होतं, 'हा कोळसा चाळणीसारखं काम करतो, रंग वर राहतो, पाणी खाली जातं.' सोपं, सगळ्यांना कळतं. सरांना वाचायला दिलं. सरांचा या स्पर्धेवर फारसा विश्वास नव्हता, 'यात तुझं रसायनशास्त्र कुठंय?' हे त्यांचं पालुपद. पण त्या दिवशी त्यांनी एकाच शब्दाला गोल केला: चाळणी. म्हणाले, "सोपं कर, पण खोटं करू नकोस." बरोबर होतं त्यांचं. चाळणी मोठं अडवते, बारीक सोडते. कोळशात तसं होत नाही. रंगाचे रेणू त्याच्या बारीक छिद्रांत आत शिरतात आणि आतल्या भिंतींना चिकटून बसतात. एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कोळशात अशा भिंती ५०० चौरस मीटरहून जास्त भरतात. त्या चिकटण्यालाच 'अधिशोषण' म्हणायचं.

मग चाळणीच्या जागी काय? मी स्पंज लिहिलं, खोडलं, कारण स्पंज पाणीही पितो. आठवडाभर अडकले. शेवटी आईलाच सगळं सांगितलं, छिद्रं, भिंती, चिकटणं. ती म्हणाली, "अनारशाच्या जाळीत तूप धरून राहतंय, तसं?" तसंच! निथळत ठेवला तरी जाळीत तूप राहतंच. भाषणात मी म्हटलं, 'अनारशाची जाळी डोळ्यापुढं आणा. आता ती इतकी बारीक करा की डोळ्याला दिसणारच नाही.' सभागृहात पहिल्यांदा हसू आलं ते इथं.

उपमा अशी दोघांकडून तपासून घ्या. एक माणूस विषयातला, तो खोटेपणा पकडेल. एक विषयाबाहेरचा, तो अवघडपणा पकडेल. दोन्ही कामं एकाच माणसाला सांगू नका. मित्रमैत्रिणी तर दोन्हीला निरुपयोगी, ते 'भारी झालं बे' म्हणून चहाला निघतात.

खोटेपणाचंच अजून एक. निकाल सांगताना हात सैल सुटतो. 'हा कोळसा सोलापूरचं पाणी स्वच्छ करेल' असं माझ्या दुसऱ्या खर्ड्यात होतं. माझे बरेचसे प्रयोग प्रयोगशाळेत मीच रंग घालून बनवलेल्या पाण्यावर झालेत. कारखान्याच्या खऱ्या पाण्यात मीठ असतं, सोडा असतो, अजून काय काय असतं, तिथं कोळशाची गाठ वेगळीच पडते. म्हणून वाक्यात 'प्रयोगशाळेत बनवलेल्या रंगीत पाण्यात' हे चार शब्द घातले. परीक्षकांत एखादा रसायनवाला बसलेला असतोच आणि त्याचे कान याच चार शब्दांसाठी टवकारलेले असतात. गुण दोन गोष्टींना असतात, आशय आणि समज एकीकडं, सांगण्याची हातोटी आणि श्रोत्याला धरून ठेवणं दुसरीकडं. नुसत्या हातोटीवर निभावत नाही.

आकडे? एक. फार तर दोन.

स्लाइडवर मी वेळ घालवला नाही, तुम्हीही घालवू नका, पण माझ्यासारखी फजिती टाळा. पहिल्या वेळी हौसेने मराठी मथळा टाकला, तोही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. तिथल्या संगणकावर तो फाँट नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची भेळ. मी त्या भेळेकडं बघत राहिले, आणि घड्याळ चालू. चूक माझीच. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करून द्या, आणि सकाळी लवकर जाऊन त्यांच्याच मशीनवर एकदा उघडून बघा. दुसऱ्या वेळी स्लाइडवर शब्दच नव्हता. फक्त एक फोटो: दोन काचेच्या बाटल्या, एकीत गडद लाल पाणी, दुसरीत जवळपास बिनरंगी, मधे मुळासकट एक धसकट. मला खरं तर धसकटच हातात घेऊन जायचं होतं, पण वस्तू चालत नाही. फोटोत चालतं.

तालमीचं सांगते. मराठीत बोलणार असाल तर इंग्रजीवाल्यांच्या शब्दसंख्येवर जाऊ नका, आपले शब्द लांब असतात. माझं शेवटचं भाषण ३४० शब्दांचं होतं आणि घरी २ मिनिटं ४५ सेकंदांत बसत होतं. १५ सेकंद हसण्याला, खोकल्याला, विसरण्याला सोडा. पाठ करा, पण वाक्य नाही, वाक्यांचा क्रम. सुरुवातीची दोन आणि शेवटचं एक, एवढी तीन मात्र झोपेत उठवलं तरी आली पाहिजेत. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मला तेव्हा कळलं की मी प्रत्येक वाक्यानंतर 'म्हणजे' म्हणते. आमच्या शेजारी पॉवरलूम आहे, त्याच्या खडखडाटात म्हणून बघितलं तर जे शब्द जीभ गिळत होती ते लगेच सापडले. तुमच्याकडं लूम नसेल तर कुकर लावा.

घरी फक्त आई नव्हती. पलीकडच्या अक्का पण विड्या घेऊन येऊन बसायच्या. त्यांचं घरचं बोलणं तेलुगू, मराठी कामापुरतं. त्यांना कळलं तर कोणालाही कळेल, असा माझा हिशेब होता, आणि तो चुकला नाही. 'सांडपाणी' त्यांना लगेच कळलं, 'प्रक्रिया' नाही. मी 'प्रक्रिया' काढून टाकला.

पहिल्या स्पर्धेत मी ३ मिनिटं ७ सेकंद घेतली. फाँटच्या भेळेत काही गेली, उरलेली सरांचे आभार मानण्यात. घंटा वाजली तेव्हा मी 'मार्गदर्शनाबद्दल' या शब्दावर होते. दुसऱ्या वेळी शेवटचं वाक्य ठेवलं ते असं: 'मार्च महिन्यात रानात पडलेलं धसकट आणि पेठेत वाळत घातलेला टॉवेल, यांची ओळख करून द्यायचं काम मी करते.' २ मिनिटं ५१ सेकंद. दुसरा क्रमांक आला. पहिला आला त्या मुलाने डाळिंबाच्या तेल्या रोगावर सांगितलं, आणि खरंच माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. त्याने पानावरचा एक तेलकट ठिपका धरला आणि तीन मिनिटं सोडला नाही.

निकाल लागल्यावर लगेच घरी पळू नका. या स्पर्धेत प्रश्नोत्तरं नसतात, त्यामुळं लोकांचे प्रश्न चहाच्या टेबलापाशी बाहेर पडतात. वही घेऊन तिथं उभं राहा. मला मोहोळकडचे एक काका भेटले, मुलीसोबत आले होते. म्हणाले, "बाई, धसकटं आम्ही चुलीला जाळतो. तुम्हाला फुकट कोण देणार?" कडबा नको, जनावरं काय खातील, एवढा विचार मी केला होता, चुलीचा केला नव्हता. त्यांचा प्रश्न वहीत लिहून घेतला. पुढच्या रविवारी त्यांच्या रानात गेले, एका सरीतली धसकटं उपटून वजन केलं, चुलीला किती लागतात ते काकूंना विचारलं. ते सगळं आता प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. सरांनी त्याला अजून गोल केलेला नाही.