कम्युनिटी गॅलरीत हाताने केलेलं काम कसं लावायचं: खिळा ठोकायच्या आधीचं गणित

काम पूर्ण झालंय, फ्रेम करून आलीय, गॅलरीने भिंत ठरवून दिलीय, एवढं झालेलं आहे असं धरून चालते. मी बरीच वर्षं माझे लिनोकट प्रिंट (लिनोलियमचा पत्रा कोरून काढलेले छाप) आणि सोबतच्या मंडळींची मातीची भांडी, विणकाम, भरतकाम असं सगळं मिळून प्रदर्शनात लावत आलेय आणि दर वेळी कुणीतरी नवीन कलाकार तेच चुकीचे सल्ले घेऊन येतो, त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे ‘डोळ्यांच्या उंचीवर लाव’. कुणाच्या डोळ्यांच्या? लावणारा सहा फुटी असला की अख्खी भिंत वर सरकलेली असते.

आधी कागद. कमिशन किती, पैसे कधी मिळणार, काम तिथे असताना फुटलं किंवा खराब झालं तर भरपाई कोण देणार, काम परत कधी न्यायचं, हे लिहून घ्या, ओळखीचे लोक असले तरी. कामांची यादी दोन प्रतींत करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. किमतीचं गणित इथेच उरका कारण यात खूप जण फसतात: कमिशन ३० टक्के आणि तुमच्या हातात १०० यायला हवेत तर १३० लावून भागत नाही, १३० मधले ३९ गॅलरीला जातात आणि तुमच्याकडे उरतात ९१. १०० ला ०.७ ने भागायचं, म्हणजे १४३.

मग सगळी कामं भिंतीसमोर जमिनीवर मांडून क्रम ठरवा. मोठं काम आधी, बाकीची त्याच्या आजूबाजूला. अर्धा तास पुरतो.

आता टांगणं, खरी गोची इथे आहे.

माझ्या सुरुवातीच्या एका प्रदर्शनात पाच प्रिंट होते, पाचही फ्रेम एकाच मापाच्या, मी मेजर टेप घेऊन पाच खिळे अगदी एका रेषेत ठोकले, लेव्हल लावून तपासले आणि फ्रेम अडकवल्या तर पाचही वेगवेगळ्या उंचीवर. एक दोन बोटं खाली, एक चार बोटं. उद्घाटनाला दोन तास राहिलेले आणि मी खिळे उपटून परत ठोकतेय, शेवटी भिंतीत अठरा भोकं झाली. खिळे बरोबरच होते हो, चूक मागच्या तारेत होती. प्रत्येक फ्रेमची तार कमीजास्त सैल होती आणि मी ती मोजलीच नव्हती.

तेव्हापासून मी एकच रीत पाळते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरवर येऊ द्या, म्हणजे साधारण ५७ इंच, बऱ्याच गॅलऱ्या आणि म्युझियम याच्या आसपासच लावतात. मध्य म्हणतेय मी, वरची कड नाही. वरच्या कडा एका रेषेत आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, लहानमोठी कामं शेजारी असली की दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात.

फ्रेम पालथी ठेवा, तारेखाली बोट घालून ती वर ओढा, जशी हुकवर ताणली जाईल तशीच, आणि त्या बोटापासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. आता १४५ मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि हे अंतर वजा करा. समजा फ्रेम ६० सेंटीमीटर उंच आहे आणि ताणलेली तार कडेपासून ८ खाली येते, तर १४५ अधिक ३० वजा ८, म्हणजे १६७. या उंचीवर तार टेकली पाहिजे. तार, खिळा नाही, हे दोनदा वाचा कारण मी इथेही एकदा आपटलेय. हुकचा खिळा वर असतो आणि तार बसते ती हुकच्या खाचेत, दोन्हींत एखाद-दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. म्हणून १६७ ला पेन्सिलची खूण करा, हुकची खाच त्या खुणेवर धरा आणि मग खिळ्याचं भोक जिथे येईल तिथे ठोका. प्रत्येक फ्रेमचं वेगळं मोजायचं, ‘सगळ्या सारख्याच तर आहेत’ म्हणून सोडायचं नाही.

तार एकदम ताठ बांधू नका. ताठ दिसायला छान दिसते पण वजन तिलाच भारी पडतं. एका हुकवर टांगलेल्या फ्रेममध्ये तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर तारेच्या प्रत्येक बाजूवर फ्रेमच्या पूर्ण वजनाएवढा ताण येतो आणि १५ अंशांवर आणली की जवळपास दुप्पट. डी-रिंग, म्हणजे तार बांधायच्या फ्रेममागच्या कड्या, उपटून येतात त्या यानेच. रुंद फ्रेमला दोन हुक लावा, ती तिरकी होत नाही आणि ताणही कमी होतो, फक्त मोजताना तारेखाली दोन बोटं घाला, हुक जेवढ्या अंतरावर येणार तेवढ्याच अंतरावर. नायलॉनचा दोरा वापरू नका, वजनाने हळूहळू लांबतो. डबल टेपवर तर हाताने केलेलं काम लावूच नका, महिनाभर खपून केलेली वस्तू रात्रीत खाली येते आणि सकाळी गॅलरी उघडणाऱ्याला सापडते.

विटांच्या भिंतीत ड्रिल करून प्लग घाला, पोकळ पार्टिशन असेल तर त्यासाठीचे वेगळे प्लग मिळतात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून छोटे रबरी बटण चिकटवा, फ्रेम सरकत नाही.

कापडाच्या कामाला मागून नेफा शिवा आणि त्यातून पट्टी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं, कोपऱ्यात टाचण्या मारल्या की तिथेच कापड ओढलं जातं आणि ते परत सरळ होत नाही. उंच निमुळत्या भांड्यात तळाला वाळूची छोटी पिशवी टाका, कुणाचा धक्का लागला तरी लवंडत नाही.

दिव्याचा उजेड वरून, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश तिरका पडू द्या, काचेवर चमक कमी येते. कागद आणि कापडावर उजेड मंदच हवा, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, आणि खिडकीचं ऊन पडतं ती भिंत दिली असेल तर बदलून मागा, भिडेखातर गप्प बसू नका, उडालेला रंग परत येत नाही.

लेबलवर नाव, माध्यम, माप (आधी उंची मग रुंदी), वर्ष, किंमत. उजवीकडे खाली, सगळी एका उंचीवर, अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.

उतरवायच्या दिवशी आणलेली मूळ खोकीच वापरा, यादीवर एकेका कामापुढे खूण करत न्या, विकल्या गेलेल्या कामांपुढे गॅलरीची सही घ्या आणि निघताना भोकं पुट्टीने बुजवून द्या.