मे महिन्यात कॉलेजचा चित्रसंग्रह नोंदवताना

परीक्षा संपल्या की कला महाविद्यालयाच्या संग्रहात कामाला विद्यार्थी मिळतात, आणि सहा आठवड्यांनी पाऊस येतो. मुंबईत त्याची सरासरी तारीख ११ जून. सगळं वेळापत्रक तिथून मागे मोजत लावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकही कागद टेबलावर उघडा राहता कामा नये, कारण आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि कोकणपट्टीत जुलैत ती त्याहून बरीच वर असते.

दोघांची सरावलेली जोडी दिवसाला २० ते २५ कागद मोजून, फोटो काढून, स्थिती लिहून फोल्डरमध्ये घालू शकते. पहिला आठवडा हात बसण्यात जातो, तो हिशेबात धरू नका. उरलेल्या २५ दिवसांत दोन जोड्यांची हजारभर कामं होतील. कपाटात तीन हजार असतील तर एक हजार निवडा आणि तेवढीच पूर्ण करा. अर्धवट नोंदवलेले तीन हजार कागद पुढच्या मेमध्ये पहिल्यापासून हाताळावे लागतात, आणि कागदाला सर्वांत जास्त इजा हाताळण्यानेच होते.

आधी डेडस्टॉक रजिस्टर

जुन्या कॉलेजात चित्रं डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, पंखे आणि बाकांच्या रांगेत नोंदवलेली असतात. चौकटीच्या मागे रंगाने टाकलेला आकडा बहुधा तिथलाच. तो खोडू नका, नव्या नोंदीत ‘जुना क्रमांक’ म्हणून जसाच्या तसा उतरवा. कधी काळी निर्लेखनाच्या (बाद सामानाच्या) यादीत गेलेलं चित्र भिंतीवर लटकत असेल, तर तो निर्णय प्राचार्यांचा. तुम्ही फक्त लिहून ठेवा.

नवा दाखल क्रमांक तीन भागांचा करा: वर्ष, गठ्ठा, काम. तो इंग्रजी अंकांतच लिहा. हा भाषाप्रेमाचा प्रश्न नाही. हस्ताक्षरात मराठी १ इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि दोन्ही पद्धती एकाच रजिस्टरात मिसळल्या की कुठला आकडा कुठला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. शेवटचा भाग तीन आकडी ठेवा (सतरावं काम असेल तर आधी एक शून्य), म्हणजे संगणकावर क्रम बिघडत नाही.

एक कागद, सुरुवातीपासून

समजा, कार्ट्रिज पेपरवरचा कोळशाचा व्यक्तिअभ्यास हातात आला. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदासाठी सुती हातमोजे नकोत, बोटांना कड कळत नाही आणि धागा फाटीत अडकतो. फोटोग्राफ आणि धातूच्या वस्तूंना मात्र नायट्राइलचे मोजे हवेतच. कागद वरच्या कडेने उचलू नका. खाली माउंटबोर्ड सरकवा आणि बोर्डासकट हलवा. टेबलावर पाण्याची बाटली, चहा, बॉलपेन यांपैकी काही नको.

कोळशाचं काम उलटं करायचं असेल तर वर स्वच्छ टिश्यू, त्यावर दुसरा बोर्ड, मग दोन्ही बोर्ड एकत्र धरून पलटी. टिश्यू घासू द्यायचा नाही, नाहीतर अर्धं चित्र टिश्यूवर येतं. मागच्या बाजूला उजव्या खालच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलने, न दाबता, दाखल क्रमांक. दाबून लिहिलं तर अक्षरं पुढून उठतात. परीक्षकाची सही, गुण, वर्ग, दुकानाचा शिक्का, मागे जे असेल ते सगळं उतरवून घ्या. विद्यार्थ्याचं नाव बऱ्याचदा तिथेच सापडतं. सही मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नका, मोठा फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा, पण शके १८७२ म्हणजे १९५०-५१ असं जोडवर्ष लिहा, कारण पौषाच्या सुमारास इसवी सन बदलतो.

मापं सेंटिमीटरमध्ये, आधी उंची, मग रुंदी. कागदाचं वेगळं, चित्राचं वेगळं. मोजपट्टी कागदाला टेकवायची नाही.

‘स्थिती बरी’ ही नोंद निरुपयोगी. ‘डाव्या कडेला, खालून ६ सेंमीवर, आत गेलेली २.३ सेंमी फाट. मागे सेलोटेप, डिंक पिवळा होऊन पुढून दिसतो. वरच्या भागात तांबूस ठिपके’ असं लिहिलं, तर पुढच्या वर्षी फाट वाढली की नाही हे मोजता येतं. सेलोटेप काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. ते संवर्धकाचं, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाचं, काम आहे. तुमच्या हातून टेपबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा निघेल. खोडरबराचंही तेच: कोळसा, पेस्टल, पेन्सिल यांच्या जवळपास तो नेऊच नका.

फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारख्या प्रकाशात, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून. एक फोटो एकाच बाजूच्या तिरक्या प्रकाशात काढा, सुरकुत्या आणि दाब त्यातच दिसतात. फाइलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक, दुसरं काही नाही.

कसर, बुरशी, डांबरगोळ्या

कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडते, वाळवी आरपार जाते. ताजी माती किंवा बारीक भुसा दिसला की तो गठ्ठा पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून वेगळ्या खोलीत न्या. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ थंड जागी पुन्हा गोठून वस्तूंवर बसते, आणि तुम्हीही ती दिवसभर हुंगत बसता. बुरशी मऊ आणि केसाळ दिसत असेल तर ती जिवंत आहे: झटकू नका, मास्क लावा, गठ्ठा वेगळा ठेवा, संवर्धकाला फोन करा. कोरडी आणि भुकटीसारखी असली तरी नोंद करून थांबा.

कशात ठेवायचं

दोन कागदांमध्ये बटर पेपर घालायची आपल्याकडे सवय आहे. तो काही वर्षांत पिवळा, कडक आणि आम्लधर्मी होतो, त्यामुळे बदलाच. आम्लमुक्त टिश्यू परवडत नसेल तर सुती चिंध्यांचा हातकागद चालतो, पण आधी पीएच पेनने (आम्लता तपासायच्या पेनने) रेघ ओढून बघा: जांभळी उमटली तर घ्या, पिवळी उमटली तर परत करा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मोठ्या चित्रांवर मांजरपाट घालायचा असेल तर दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. खळ म्हणजे कसरीचं जेवण.

फडताळाचा खालचा खण जमिनीपासून १५ सेंमी वर, आणि कुठलंही कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसात ओल तिथूनच येते. एसी दिवसा लावून रात्री बंद करण्यापेक्षा न लावलेला बरा: रोजच्या चढउताराने कागद आणि कॅनव्हास ताणले-सैलावले जातात.

शेवटचे दोन दिवस

नवीन काही उघडू नका. प्रत्येक फोल्डर उघडून क्रमांक, फोटो आणि नोंद जुळतात का ते पाहा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या, चित्रकार जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कला शाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलांपैकी कितीतरी १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. म्हणून यादीची आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. न जुळलेल्या कामांची यादी वेगळ्या पानावर, प्रत्येकासमोर शंका एका वाक्यात. सुटे तुकडे पाकिटात घाला, आणि पाकिटावर ते रिकामं असतानाच पेन्सिलने क्रमांक लिहा.