रोटाव्हेटर घेण्याआधी पिनांचे माप घ्या
मुंबईत राहून गावच्या शेतासाठी जुना रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे जोडायचे, माती भुसभुशीत करणारे अवजार) घेणाऱ्याने ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीइतकेच लक्ष थ्री-पॉइंट लिंकेजच्या, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडणाऱ्या जोडणीच्या, पिनांकडे द्यावे. कॅटेगरी म्हणजे या जोडणीच्या मापांचा ठरावीक गट. कॅटेगरी 1 मध्ये खालच्या पिनांचा व्यास सुमारे 22 मिमी आणि टॉप लिंकच्या (वरच्या जोडदांड्याच्या) पिनेचा 19 मिमी असतो, तर कॅटेगरी 2 मध्ये तो अनुक्रमे 28 आणि 25 मिमी असतो. पिन घासून चकचकीत झालेल्या जागी मोजू नये. जिथे मूळ रंग टिकून आहे, तिथेच व्हर्नियर कॅलिपर लावावा. बारीक पिन मोठ्या छिद्रात सहज जाते, पण ती तशीच वापरणे मला धोक्याचे वाटते, कारण धक्क्यांनी छिद्र लांबट होत जाते आणि पिन वाकते. तिच्यावर योग्य मापाचा पोलादी बुश (पिनेवर बसणारी नळी) चढवावा. दोन्ही खालच्या पिनांमधील अंतरही जुळवून पाहावे.