कचऱ्यात गेलेल्या स्लाइड्स

मराठी विश्वकोशात थायमसला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी जिथे तयार होतात त्या ग्रंथीला, यौवनलोपी ग्रंथी म्हटलंय. वयात आल्यावर लोपत जाते ती. माणसाला हे नाव शोभतं, बेडकाला अपुरं पडतं, कारण शेपटी जाऊन बेडूक होतानाच त्याची थायमस एकदा ओसरते आणि पुन्हा भरते. हे मला एमएस्सीला तोंडपाठ होतं. तरी पीएचडीच्या पहिल्या वर्षी, पुढचे पाय नुकतेच फुटलेल्या पिल्लांच्या थायमसच्या स्लाइड्स मी "फिक्सेशन बिघडलं", म्हणजे ऊती नीट टिकल्या नाहीत, म्हणून सरळ टोपलीत टाकल्या. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "काहून फेकून राहिल्या मॅडम? इतके दिवस तर त्याच्याचसाठी थांबल्या होत्या ना!" गाइड मॅडमनी त्यातलीच एक उचलून मायक्रोस्कोपखाली लावली आणि मला फक्त बाजूला बसायला सांगितलं.

एरवी थायमसमध्ये लिम्फोसाइट्सची, म्हणजे टी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशींची, एवढी गर्दी असते की निळ्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. नवखा माणूस तेच मोजत बसतो. रूपांतरणाच्या काळात ही गर्दी विरळ होते आणि मागची जाळी उघडी पडते. मी ज्याला बिघाड समजले ते हेच होतं. फांद्या फुटल्यासारख्या एपिथेलियल पेशी, म्हणजे ग्रंथीला आधार देणाऱ्या पेशी, मधूनच श्लेष्माच्या पोकळ्या, आणि मायॉइड पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ग्रंथीत चक्क स्नायूसारखे आडवे पट्टे. त्या तिथे काय करतात यावर अजून वाद आहे.

या आधारपेशींचं काम शिकवणीचं. मोठ्या बेडकाच्या अंगात पिल्लात नसलेली प्रथिनं येतात. ती आपलीच आहेत हे नव्या टी-पेशींना कळलं नाही तर त्या घरच्यांवरच उठतील. म्हणून ग्रंथी पुन्हा भरताना या जाळीकडे बघायचं. झेनोपस या आफ्रिकी बेडकावर यातलं बरंच काम झालंय, तेव्हा या विषयात येणार असाल तर वाचायला सुरुवात तिथूनच करा. सॅलमँडर या शेपटीवाल्या उभयचराच्या थायमसमध्ये कॉर्टेक्स (बाहेरचा) आणि मेड्युला (आतला) असे वेगळे भाग दिसत नाहीत. बेडूक आणि सॅलमँडर, दोन्हींच्या आकृत्या शेजारी ठेवून बघा.

यूजीसीच्या 2011 च्या सूचनांनंतर पदवीला बेडूक चिरणं कमी होत गेलं. ते बरंच झालं, पण त्यामुळे थायमस नेमकी कुठे हे हाताला माहीत नसतं. कानाच्या पडद्याच्या मागे, जबडा उघडणाऱ्या स्नायूखाली, दोन्ही बाजूंना एकेक. पहिल्या दोन वेळा मी चरबीच काढली होती.

प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रानातले बेडूक घ्यायचे तर वनविभागाची परवानगी, ही कागदं उन्हाळ्यातच मार्गी लावा. पाऊस पडला की खड्ड्यातली पिल्लं फायलीसाठी थांबत नाहीत. पहिल्या वर्षी आमची मंजुरी आली तेव्हा डबकी आटली होती. गावी आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आम्ही बेंडूक मुसळाला बांधून धोंडी धोंडी पाणी दे म्हणत फिरायचो, तुमाले त्याच्यासाठी कागद लागतो व्हय?"

मग नागपूरचा उन्हाळा. पारा 45 च्या पुढे गेला की नमुना ज्यात बसवतो ते पॅराफिन मेण मऊ पडतं, मायक्रोटोमवर, म्हणजे काप घेण्याच्या यंत्रावर, कापांची रिबन सुरकुतते आणि जिल्हाभरातले पंखे लावले तरी सुधारत नाही. पंख्याने उलट रिबन उडते. 60 अंशांच्या आसपास वितळणारं मेण घ्या, ब्लॉक बर्फावर ठेवा, कापायला सकाळी सातला या. तर्री-पोहे नंतर.

पाच मायक्रॉनच्या कापांवर हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांनी ढोबळ चित्र मिळतं. श्लेष्मा दिसायला पीएएस हे रंगवणं करा. पेशी एपिथेलियलच आहे हे ठासून सांगायचं तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली डेस्मोसोम (पेशींना जोडणारे सांधे) आणि टोनोफिलामेंट (पेशीतले आधाराचे तंतू) दाखवावे लागतात. त्यासाठी नमुना सुरुवातीलाच ग्लुटाराल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या द्रावात वेगळा ठेवलेला हवा. पॅराफिनमध्ये गेलेला नमुना नंतर त्या कामाचा राहत नाही. मी दोन्हीकडचे नमुने एकाच बाटलीत टाकले होते. दुसरा पावसाळा त्यातच गेला.

टोपलीतून निघालेली ती स्लाइड शेवटी प्रबंधात तिसऱ्या प्रकरणात लागली. तिच्या एका कोपऱ्याला चहाचा डाग आहे, फोटोत तो कापला.