चेनसॉ हार्नेसला अडकवायचे जुगाड: कुठला चालतो, कुठला जिवावर बेततो

मे लागला की जळगाव-धुळ्याकडे फांद्या उतरवायच्या कामांना जोर येतो, केळीच्या बागा झोपवणारं वादळ निंबाची फांदीही पत्र्यावर आणतं म्हणून लोक आधीच छाटून घेतात. चढणारी बरीच पोरं आता हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) वापरतात, चांगलंच आहे, पण चेनसॉ मशीन कंबरेला कसं बांधतात ते बघितलं की छातीत धस्स होतं. कासऱ्याचा तुकडा घ्यायचा, एक गाठ मशीनच्या हँडलला, दुसरी बेल्टला, चला वर. असं करू नका भो.

कारण असंय, कापता कापता मशीनची पट्टी (जिच्यावर चेन फिरते) फांदीत चेंगरते, आणि तेवढ्यात फांदी मोडली तर ती मशीन घेऊनच खाली जाते. ओली फांदी दोन-तीन क्विंटलची असू शकते, कासरा काही तुटत नाही, मग सगळा झटका तुमच्या कंबरेला. म्हणून मशीनच्या दोरीत एक कच्चा जोड मुद्दाम ठेवायचा, तो आधी तुटला पाहिजे. मशीन अडकवायच्या तयार दोऱ्या (लॅनयार्ड) मिळतात, त्यातल्या काहींत हीच सोय शिवलेली असते, परवडत असेल तर तसलीच घ्या, नसेल तर पुढचं वाचा.

कच्च्या जोडाला मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो केबल टाय, वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी. 4.8 मिमी रुंदीच्या टायचं कडं साधारण 22 किलोला तुटतं, तो आकडा कड्याचाच असतो, दुप्पट धरू नका. झाडावरचं वरच्या हँडलचं छोटं मशीन 4 किलोच्या आतबाहेर असतं, त्याला एवढं भरपूर. मशीनच्या मागच्या कडीतून टाय ओवायचा आणि त्यात दोरी अडकवायची, म्हणजे तुटला तर मशीन एकटंच जातं, दोरी तुमच्यापाशी राहते. वर चढायच्या आधी तपासून घ्या: जमिनीपासून वीतभर उंच, सिमेंटची 50 किलोची गोणी तशाच टायच्या कड्याला टांगा, बाजूला उभं राहून. तुटलं पाहिजे. नाही तुटलं तर 3.6 मिमीचा टाय लावून परत बघा. आणि पाव गोणी मात्र त्याने झेलली पाहिजे, नाहीतर काम करताना उगाच मशीन खाली जाईल. पांढरे टाय आपल्या उन्हात कडक होऊन तडकतात, काळेच घ्या आणि दर कामाला नवा लावा, एका टायला पैसे ते किती.

दोरीसाठी ताडपत्री बांधायची इंचभर रुंद पॉलिस्टरची पट्टी बरी. ती पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी नको, ती 160 अंशांच्या आसपास वितळते आणि सायलेन्सर त्याच्या कितीतरी वर तापतो, एकदा टेकली की गेलीच. लांबी एवढी ठेवा की हात पूर्ण लांब करून कापता येईल आणि सोडलं तर मशीन पायाच्या खाली लटकेल, मांडीजवळ नाही. पण एवढी लांब दोरी काड्यांत अडकते, त्याला जुगाड म्हणजे मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. पट्टीची दोन्ही टोकं दोरीला पक्की बांधायची, मधली दोरी ढिली सोडायची, ट्यूब ती आखडून धरते आणि ओढली की लांबते. ट्यूब फाटली तरी दोरी आहेच. ट्यूबने झटकाही मरतो, तरी मशीन हातातून सोडून देऊ नका, हाताने खाली सोडा.

दोरीचं दुसरं टोक हार्नेसच्या मागच्या बाजूच्या सामानाच्या कडीला, आणि ती कडी किती किलोची आहे ते लेबलवर बघूनच. तुमची स्वतःची दोरी जिथे लागते त्या डी-रिंगला (इंग्रजी D सारख्या कडीला) मशीन लावायचं नाही. चढताना मशीन वर ओढून छोट्या हुकाला घ्यायचं, चेन मागे, सायलेन्सर बाहेरच्या बाजूला. बॅगवाल्याकडचे ॲल्युमिनियमचे हुक याला चालतात पण त्यावर लाल टेप गुंडाळा, चुकून त्याला कुणी माणूस लटकायला नको. या हुकात कच्चा जोड नसतो, म्हणून हुक काढल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. थांबलं की चेन ब्रेक लावा. चढताना चेनवर लपेटा पाईपचा (पाण्याचा गुंडाळता येणारा पाईप) तुकडा चढवला तर पँट आणि दोरी दोन्ही वाचतात, तो तर प्रत्येक शेतात पडलेला असतो.

शेतातलं मागच्या हँडलचं मोठं मशीन मात्र कंबरेला लावूच नका, कुठलाच जुगाड नको. ते वेगळ्या दोरीने वरच्या जाड फांदीवरून टांगा आणि खालच्या माणसाला धरायला लावा. तो माणूस बुंध्यापासून लांब उभा पाहिजे, कारण मशीन सुटलं की सरळ खाली येतं.

कापताना स्वतःला दोन ठिकाणी बांधा, एक मुख्य दोर आणि दुसरी कमरेपासून बुंध्याभोवती फिरवलेली दोरी, तिच्यात आत स्टीलची तार असेल तर उत्तम, कारण नुसती दोरी चेन लागली की क्षणात तुटते. मशीन छोटं असलं तरी धरायचं दोन्ही हातांनी. गावात नगरपालिकेची हद्द असेल तर छाटणीची परवानगी आधी काढून ठेवा.