स्वस्तातलं स्मार्टवॉच: आधी नोटिफिकेशन आवरा

नवं घड्याळ फोनला जोडलं की सगळ्या ॲपना परवानगी देऊन टाकायचा मोह होतो. देऊ नका. फोनवर या घड्याळासाठी टाकलेल्या ॲपमध्ये जाऊन फक्त कॉल, एसएमएस आणि फार तर एखादं मेसेजिंग ॲप चालू ठेवा. माझं मनगट पहिले दोन दिवस नुसतं थरथरत होतं. शेवटी घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं. बाकीची ॲप बंद केली तेव्हा कुठे ते परत हातावर आलं.

'मनगट उचलताच स्क्रीन लागते' ही सोय निदान रात्री बंद करा. बॅटरी वाचते आणि कूस बदलली की डोळ्यावर उजेड येत नाही.

मागचा हिरवा दिवा त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशावरून ठोके मोजतो. म्हणून पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घड्याळ हलणार नाही इतपत घट्ट बांधा. तरी आकडा अंदाजाचाच. टेबलावर काढून ठेवलेल्या घड्याळानेही मला एकदा ७२ ठोके दाखवले होते!

चार्जिंग अडलं तर मागच्या पिना बघा. घाम वाळून थर बसतो. कोरड्या कापडाने पुसा, ओलं घड्याळ चार्जरला लावू नका.