खजूर-चॉकलेटच्या वड्या: ओव्हन नको, पाकही नको

वडी म्हटली की आपल्या स्वयंपाकघरात पहिली धास्ती असते ती पाकाची. एकतारी झाला की दोनतारी, गोळी बसली की नाही, आच बंद करायला अर्धा मिनिट उशीर तर झाला नाही ना, या विवंचनेतच निम्मा उत्साह संपतो. खजुराच्या वड्यांना ही धास्ती नाही, कारण पाक करताना साखरेच्या पाण्यातील पाणी आटवण्याचे जे काम आपण कढईत करतो, ते खजुराच्या बाबतीत झाडावर आणि उन्हात आधीच होऊन गेलेले असते. पिकलेला, वाळत आलेला खजूर म्हणजे तयार घट्ट पाकच होय. आपण फक्त एवढेच पाहायचे की, जे पाणी निसर्गाने काढून टाकले आहे ते आपल्या हातून त्यात पुन्हा जाऊ नये. या पदार्थात जे काही बिघडते ते बहुतेक वेळा पाण्यामुळेच बिघडते, मग ते खजुरातले असो, मिक्सरच्या भांड्यातले असो किंवा चॉकलेटवर पडलेला वाफेचा एखादा थेंब असो.

साधारण पंचवीस लहान वड्यांसाठी बिया काढलेला खजूर 300 ग्रॅम, बदाम आणि अक्रोड मिळून 100 ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर 2 मोठे चमचे, तूप 2 लहान चमचे, चिमूटभर मीठ, वरच्या थरासाठी डार्क चॉकलेट 120 ग्रॅम आणि खाण्याचे खोबरेल तेल 1 लहान चमचा एवढे साहित्य पुरते. खजूर बियांसकट आणला असेल तर 350 ग्रॅम घ्यावा. कोको पावडर आणि दुधात घालून प्यायची चॉकलेट पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीत साखरच जास्त असते आणि खजुराच्या गोडीवर तिची भर पडली की वडी तोंडात फिरेनाशी होते. पाकिटावरील घटकांच्या यादीत साखरेचा उल्लेख नसलेली पावडर घ्यावी. मीठ मात्र वगळू नये. ते जाणवत नाही, पण ते नसले की चॉकलेटची चव खजुराखाली दबून जाते. वेलची घालण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते ती येथे चॉकलेटशी भांडते. सुगंध हवाच असेल तर अर्धा लहान चमचा इन्स्टंट कॉफीची पूड कोकोबरोबर कोरडीच मिसळावी.

खजूर कोणता घ्यावा, यावर मात्र थोडे थांबून विचार करायला हवा. अरब देशांत खजुराच्या पिकण्याच्या अवस्थांना वेगवेगळी नावे आहेत: फळ रंगावर आले तरी करकरीत असते ती ‘खलाल’, मऊ आणि रसदार होते ती ‘रुतब’, आणि झाडावरच आटून सुरकुतते ती ‘तमर’. कच्छमध्ये जून-जुलैच्या सुमारास फळ काढतात ते खलाल अवस्थेतच, कारण पुढे पाऊस येतो आणि पावसात फळ पिकू दिले तर ते सडते किंवा आंबते. त्या दिवसांत आपल्याकडेही फळवाल्यांच्या गाडीवर दिसणारा पिवळा किंवा लाल ओला खजूर हाच. तो नुसता खायला छान, पण वडीसाठी निरुपयोगी. वडीला हवा तो तमर अवस्थेतला, म्हणजे बोटाने दाबल्यावर दबेल पण रस सुटणार नाही असा. इराणमधील बाम परिसराचा मझाफती खजूर, जो आपल्या बाजारात बहुधा ‘किमिया’ या नावाने खोक्यांतून मिळतो आणि फ्रिजमध्ये ठेवलेला असतो, तो चवीला उत्तम असला तरी बराच ओलसर असतो. एकट्याने घेतला तर वडी पसरते. तो निम्मा आणि पिवळसर, कोरडा झाहिदी निम्मा असे मिश्रण मला सर्वांत चांगले वाटते. मेडजूलसारखा महागडा, मोठा खजूर ठेचून वड्यांत घालणे म्हणजे हापूसचा मिल्कशेक करण्यासारखे आहे; तो पोटात बदाम भरून तसाच चॉकलेटमध्ये बुडवावा. आणि खारीक, जी डिंकाच्या लाडवांत जाते, ती येथे चालणार नाही, कारण तिच्यात मिश्रण बांधून धरण्याइतका चिकटपणा उरलेला नसतो.

खजूर धुऊ नये असे मी म्हणणार नाही, पण धुवायचा असेल तर तो आदल्या दिवशी पटकन धुऊन, फडक्यावर पसरून, पंख्याखाली रात्रभर सुकवावा. भिजत मात्र मुळीच घालू नये. पहिल्यांदा या वड्या केल्या तेव्हा खजूर मिक्सरमध्ये फिरत नाही म्हणून मी त्यात दोन चमचे कोमट दूध घातले होते. मिश्रण लोण्यासारखे मऊ झाले, वड्याही देखण्या पडल्या, आणि तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर आंबूस वास आणि वड्यांच्या कडेला कापसासारखी पांढरी बुरशी. तेव्हापासून दूध आणि खजूर यांची भेट मी फक्त पेल्यात घडवते.

‘बिनबियांचा’ असे पाकिटावर लिहिलेले असले तरी प्रत्येक खजूर बोटांनी उकलून पाहावा. कधी बीचा तुकडा आत राहिलेला असतो आणि तो मिक्सरच्या पात्याला किंवा दाताला लागतो. कधी आत काळसर भुकटी किंवा अळी सापडते. असा खजूर निमूट बाजूला टाकावा. उकललेल्या खजुराचे सुरीने बारीक तुकडे करावेत. अख्खा खजूर मिक्सरमध्ये टाकला की तो पात्याभोवती गोळा होऊन बसतो, यंत्र घरघरते आणि थोड्या वेळात जळका वास येतो. खरे तर मिक्सरची गरजच नाही, हे पुढे दिसेलच.

बदाम आणि अक्रोड जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सहा ते आठ मिनिटे कोरडेच भाजावेत. अक्रोड लवकर करपतो, म्हणून तो बदाम निम्मे भाजून झाल्यावर घालावा. भाजल्याने सुकामेव्यातील ओल जाते, तो खुटखुटीत होतो आणि खजुराच्या मऊपणात दाताला काहीतरी लागते. ताटात पसरून तो पूर्ण गार झाल्यावरच जाडसर कुटावा. गरम असताना मिक्सरमध्ये फिरवला तर तेल सुटून त्याचा लगदा होतो. खलबत्त्यात कुटलेल्या तुकड्यांना जी ओबडधोबड धार असते, ती मिक्सरने येत नाही.

आता त्याच कढईत तूप घालून खजुराचे तुकडे मंद आचेवर परतावेत. पहिली दोन मिनिटे काहीच होत नाही असे वाटते. मग तुकडे चकाकू लागतात, कडा विरघळतात, आणि कालथ्याने दाबत राहिले की चार-पाच मिनिटांत सगळ्याचा एकच गोळा होऊन तो कढईच्या कडा सोडू लागतो. हे परतणे केवळ मऊ करण्यासाठी नसते. उरलीसुरली ओलही त्यात उडून जाते. आच बंद करून त्यात कोको पावडर, मीठ आणि कुटलेला सुकामेवा घालावा आणि मिश्रण कोमट झाल्यावर तुपाच्या हाताने मळावे. पाकाची परीक्षा आपण गोळी करून घेतो तशीच येथेही घ्यावी: सुपारीएवढी गोळी वळून अंगठ्याने चपटी करावी. ती बोटाला चिकटून आली तर मिश्रण ओलसर आहे, ते आणखी दोन-तीन मिनिटे आचेवर फिरवावे किंवा चमचाभर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा चुरा मिसळावा. कडा फार फाटल्या तर ते कोरडे आहे, अशा वेळी दोन-तीन मऊ खजूर ठेचून मिसळावेत. पाणी किंवा दूध नाही.

सहा इंची चौकोनी डब्याला बटर पेपर लावावा, आणि तो दोन बाजूंनी वर येईल एवढा लांब ठेवावा, म्हणजे पुढे वड्यांचा ठोकळा उचलून बाहेर काढता येतो. मिश्रण त्यात घालून सपाट बुडाच्या वाटीने, वाटीला किंचित तूप लावून, दाबून थापावे. साधारण दीड सेंटीमीटर जाडीचा थर होतो. कोपरे विशेष दाबावेत, कारण सैल राहिलेले कोपरे कापताना सुटतात. डबा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, पण वरून चॉकलेट ओतण्याच्या दहा मिनिटे आधी बाहेर काढावा. अगदी गारठलेल्या थरावर चॉकलेट ओतले की ते पसरण्याआधीच थिजते आणि पुढे पापुद्र्यासारखे सुटून येते.

चॉकलेट विकत घेताना घटकांची यादी वाचावी. त्यात ‘कोको बटर’ असेल तर ते खरे चॉकलेट. त्याऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त असते, वितळवून ओतले की विनातक्रार घट्ट होते, पण खाताना टाळूवर मेणाचा थर बसल्यासारखे वाटते. कोको बटर साधारण 34 अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडातल्या उबेपेक्षा थोड्या कमी तापमानाला वितळते, आणि चॉकलेट जिभेवर विरघळण्याचे सुख त्यामुळेच मिळते. हाच गुण उन्हाळ्यात आपल्या मुळावर येतो. नागपुरात मे महिन्यात खऱ्या चॉकलेटची वडी फ्रिजबाहेर ठेवून पाहुण्यांची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. तिथे एप्रिल-मेमध्ये कंपाउंड वापरणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही.

चॉकलेट बारीक चिरून त्यातला दोन-तृतीयांश भाग काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या भांड्यात घ्यावा. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून आच बंद करावी आणि हे भांडे त्यावर असे बसवावे की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही, आणि ते पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठे असावे, म्हणजे कडेने वाफ वर येणार नाही. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यात पाण्याचा थेंब पडला की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि तुकतुकीत द्रव पाहता पाहता खरबरीत चिखलासारखा घट्ट होतो. ओला चमचा किंवा धुतल्यावर आत ओल धरून राहिलेला लाकडी डाव एवढेही त्याला पुरते. असे झालेच तर ते फेकू नये. थेंबभर पाण्याने बिघडलेले चॉकलेट भरपूर गरम दुधाने पुन्हा सैल होते. चमचा-चमचा गरम दूध घालत ढवळले की त्याचा गुळगुळीत सॉस होतो आणि तो आइसक्रीमवर घालता येतो. वड्यांसाठी मात्र नवे चॉकलेट घ्यावे लागते.

वितळलेले भांडे खाली उतरवून, त्याचे बूड पुसून, राखून ठेवलेले तुकडे त्यात घालावेत आणि ते विरघळेपर्यंत सावकाश ढवळावे. यामागे कारण आहे. कोको बटर थिजताना अनेक प्रकारचे स्फटिक तयार करू शकते आणि त्यांपैकी एकाच प्रकाराने चॉकलेटला चकाकी आणि मोडताना होणारा ‘टक्’ असा आवाज मिळतो. न वितळलेल्या तुकड्यांत ते स्फटिक तयार असतात आणि विरजणासारखे काम करतात. डार्क चॉकलेट 31 ते 32 अंशांवर आले की ते ओतण्यास योग्य होते. तापमापक नसेल तर थेंब खालच्या ओठाला लावून पाहावा. तो किंचित गार लागला पाहिजे. सहसा या प्रकारात दुसरी चरबी घालत नाहीत, पण वडी कापताना वरचा थर तडकू नये म्हणून मी शेवटी चमचाभर खोबरेल तेल मिसळते. खोबरेल स्वतः साधारण 24 अंशांना वितळते, म्हणून पुण्यात बाटलीतले तेल थिजते त्या दिवसांत पूर्ण चमचा घालावा, उन्हाळ्यात पाव चमच्यावर भागवावे. एवढा खटाटोप नको असेल तर सगळे चॉकलेट एकदम वितळवून, कोमट झाल्यावर ओतून, वड्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात. त्यांना चकाकी येणार नाही आणि काही दिवसांनी वर पांढुरके डाग दिसतील. ते डाग बुरशीचे नसून वर आलेल्या कोको बटरचे असतात आणि खाण्यास निर्धोक असतात.

चॉकलेट थरावर ओतून डबा दोन-तीनदा ओट्यावर अलगद आपटावा, म्हणजे बुडबुडे फुटतात. वरून थोडी भाजलेली खसखस किंवा पिस्त्याचे काप भुरभुरावेत. थर बोटाला चिकटेनासा झाला, पण अजून पुरता कडक झालेला नाही, अशी एक वेळ येते. सावलीत वीस-पंचवीस मिनिटांनी, फ्रिजमध्ये आठ-दहा मिनिटांनी. तीच कापण्याची वेळ. बटर पेपर धरून ठोकळा बाहेर काढावा, सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसावी आणि न ओढता सरळ खाली दाबावी. प्रत्येक काप घेतल्यावर पाते पुन्हा पुसावे. उभे चार, आडवे चार काप दिले की तीन-तीन सेंटीमीटरच्या पंचवीस वड्या होतात. हा आकार लहान वाटेल, पण मोठी वडी कोणालाही पुरी संपवता येत नाही. वरून साखर घातलेली नाही म्हणून या वड्यांना ‘शुगरफ्री’ म्हणून मधुमेही माणसापुढे ठेवू नये. खजुराचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो, आणि चॉकलेटमधली वेगळी.

घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, फ्रिजमध्ये या वड्या दोन आठवडे चांगल्या राहतात. थंडीच्या दिवसांत बाहेर पाच-सहा दिवस. फ्रिजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नये. पावसाळ्यात तर नाहीच, कारण दमट हवा गार वड्यांना लागली की त्यांवर दव धरते, चॉकलेट चिकट होते आणि वाळल्यावर त्यावर साखरेचा पांढरट थर उरतो. डबा झाकण लावलेलाच वीस मिनिटे ओट्यावर ठेवावा, बाहेरून आलेले दव फडक्याने पुसावे, आणि मग वड्या ताटलीत काढाव्यात.